दारू सोडताना ऑनलाइन आधार कुठे आणि कसा मिळतो? सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, होतो. माझी दारू सुटली त्यात फोनवरच्या मीटिंगचा वाटा मोठा आहे. तेव्हापासून ओळखीतून ओळख निघते आणि लोक मला प्रश्न पाठवतात, बहुतेक जण रात्री दहानंतर. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते तुम्ही डॉक्टरांपर्यंत जावं एवढ्यासाठीच. रोज पिणारा माणूस घरात असेल आणि तो उद्यापासून बंद करणार असेल, तर आधी प्रश्न ४ वाचा.

१. ऑनलाइन आधार म्हणजे नक्की काय? फोनवर बोलून दारू सुटते का?

मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा एक माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. काही महिन्यांपूर्वीच त्याची दारू सुटली होती. धंद्यातला सौदा फिसकटला होता आणि बाजूलाच बार होता. त्याने बारकडे न जाता फोन फिरवायला सुरुवात केली. आपल्यासारखाच कुणीतरी दारुडा बोलायला मिळावा, एवढंच त्याला हवं होतं. त्या फोनवरून पुढे त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे आपण ज्याला एए म्हणतो त्याचा, स्थापना दिवस मानतात. भारतात एए १९५७ साली मुंबईत सुरू झालं.

म्हणून फोनवर बोलून काय होणार, असं कुणी म्हटलं की मला हा लॉबीतला फोन आठवतो. फोनवर तीन प्रकारचा आधार मिळतो. हेल्पलाइनवर समुपदेशक भेटतो. एएच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये दारू सोडलेली माणसं भेटतात. आणि मानसोपचार डॉक्टर किंवा व्यसनमुक्ती केंद्राचा पुढचा पाठपुरावा व्हिडिओवर करता येतो. शरीरातून दारू उतरताना जे होतं ते मात्र फोनवर सांभाळता येत नाही.

२. मला व्यसन आहे की नुसती सवय? मी रोज कामावर जातो, कुणाचे पैसे बुडवत नाही.

मीही रोज कामावर जायचो. पाळी चुकवत नव्हतो म्हणजे मी दारुडा नाही, असं सहा वर्षं स्वतःला सांगत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्यावर लागते का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी करा म्हटलंय का, अशा धर्तीचे प्रश्न त्यात आहेत. आठ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या हद्दीत गेलं असं समजतात. खरी उत्तरं द्या, कागद फाडून टाकला तरी चालेल. आणि सकाळी उतारा घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, तर चाचणीची वाट बघू नका.

३. पहिला फोन कुठे करू?

दारू आणि नशेसाठी केंद्र सरकारची टोल-फ्री हेल्पलाइन १४४४६. मन फार खचलं असेल, झोप नसेल, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. ही ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फिट, बेशुद्धी, रक्ताची उलटी असेल तर थेट १०८.

फोन लागल्यावर काय बोलायचं, हेही बरेच जण विचारतात. एवढंच म्हणा: “मला दारू सोडायची आहे, मी रोज इतकी पितो, शेवटची अमक्या वेळी घेतली.” पुढचं ते विचारतात.

४. उद्यापासून एकदम बंद करतो, घरीच राहतो. चालेल ना?

कधीतरी पिणाऱ्याला चालेल. रोज पिणाऱ्याला, विशेषतः सकाळपासून पिणाऱ्याला, घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. या एका उत्तरासाठी मी बाकी सगळं पान खोडायला तयार आहे.

शरीराला दारूची सवय झाली की मेंदू कायम तिच्याविरुद्ध जोर लावून चालत असतो. दारू अचानक काढून घेतली की तो जोर मोकळा सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते. साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या काळात फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस दिवस-रात्र विसरतो, ताप चढतो. त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो.

मी घरीच बंद केली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप हातात होता. पुढचं मला आठवत नाही. बायको सांगते, कप फुटला होता आणि त्याचा कान माझ्या बोटात तसाच अडकलेला होता. जीभ चावली गेली होती. रिक्षात घालून मला सिव्हिलला नेलं.

तेव्हा आधी डॉक्टर. आपल्याकडे सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. तिथे किंवा तुमच्या ओळखीच्या एमडी डॉक्टरांकडे जा आणि प्रमाण खरं सांगा. अर्धं सांगितलं तर गोळीही अर्धीच मिळते. या काळात डॉक्टर बी-१ म्हणजे थायमिनही देतात, कारण फार पिणाऱ्याच्या शरीरात ते कमी झालेलं असतं आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पूर्वी फिट आली असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. डॉक्टर भेटेपर्यंत एकटं राहू नका.

५. ऑनलाइन मीटिंगमध्ये काय चालतं? मला बोलावं लागेल का?

नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की कुणी पुन्हा विचारत नाही.

साधारण तासभराची मीटिंग असते. एक जण सूत्र सांभाळतो, सुरुवातीला छोटी प्रार्थना, एखादा परिच्छेद वाचतात. मग शेअरिंग. प्रत्येक जण नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि स्वतःचं बोलतो. समोरच्याला सल्ला देणं, मध्ये तोडणं, वाद घालणं तिथे नसतं. फी नाही, अर्ज नाही, हजेरी नाही. दारू सोडण्याची इच्छा ही एवढीच अट. शेवटी ज्याला द्यायचे त्याने ग्रुपच्या खर्चाला दहा-वीस रुपये द्यायचे, नव्याने दिले नाहीत तरी चालतं.

माझी पहिली मीटिंग गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून झाली. शेजारच्या शेडमधले माग चालू होते. म्यूट कसं करायचं ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे मागांची खटखट सगळ्यांना ऐकू जात होती. मला वाटलं काढून टाकतील. सूत्रधार म्हणाला, “आवाजावरून सोलापूरचे दिसता, बसा.” त्या एका वाक्यावर मी महिनाभर रोज बसलो.

मराठी मीटिंगच्या वेळा आणि लिंक एए इंडियाच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या हेल्पलाइनवरून मिळतात. उघडी आणि बंद अशा दोन प्रकारच्या मीटिंग असतात. उघडीला घरचे बसू शकतात, बंद मीटिंग फक्त दारुड्यांसाठी.

६. ओळखीचा कुणी निघाला तर? मालकाला कळेल का?

ओळखीचा निघाला तर तोही त्याच कारणासाठी बसलाय. इथे ऐकलेलं इथेच, हा एएचा पाया आहे.

पण फोनची स्वतःची चुगली असते, ती आधी बंद करा. झूममध्ये शिरताना बऱ्याचदा फोनचं किंवा खात्याचं नाव पडद्यावर येतं. मुलीच्या शाळेच्या खात्यावरून शिरलात तर तिचं पूर्ण नाव दिसेल. आत जाण्याआधी नाव बदला, नुसतं पहिलं नाव किंवा आद्याक्षर ठेवा. कॅमेरा बंद ठेवता येतो. मीटिंगमध्ये तुमचा नंबर इतरांना दिसत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मात्र नंबर सगळ्यांना दिसतो, फोटोही दिसू शकतो. म्हणून आधी चार मीटिंग बसा, माणसं ओळखा, मग ग्रुपमध्ये या. डॉक्टर आणि नोंदणीकृत केंद्र यांच्यावर तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्तता राखायचं बंधन आहे.

७. घर एका खोलीचं, माणसं सहा. फोन घेऊन कुठे बसू?

विडी घरकुलातून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. गच्ची, देवळाचा कट्टा, उभी रिक्षा, सिद्धेश्वर तलावाकाठचा कोपरा, कारखान्याबाहेरचा पानटपरीपासून लांबचा ओटा, अशा जागांवरून बसणारी माणसं मला माहीत आहेत. इअरफोन लावून फक्त ऐकायला फार एकांत लागत नाही. व्हिडिओ बंद ठेवला की डेटाही बराच वाचतो. ज्याला घरात सांगणं शक्य आहे त्याने सांगून टाकावं. रात्री नऊला बाबा फोन घेऊन बसतात, हे पोरांना लवकर अंगवळणी पडतं, आणि खरं सांगतो, पुढे तीच आठवण करून देतात.

८. आमच्या घरात तेलुगू बोलतात. मराठीत मनातलं बोलता येत नाही.

मनातलं मातृभाषेतच बोला. टेलिमानसवर तेलुगू आणि कन्नड दोन्ही चालतात. एएचे ग्रुप हैदराबाद, बंगळूर भागातही आहेत आणि ऑनलाइन मीटिंगला गावाची हद्द नसते. पद्मशाली समाजातले माझे दोन मित्र तेलुगू मीटिंगला बोलायला बसतात आणि मराठीला ऐकायला.

९. माझी रात्रपाळी असते. मीटिंगच्या वेळेला मी मागावर असतो.

जगभरातल्या ऑनलाइन मीटिंगची यादी एएच्या ऑनलाइन इंटरग्रुपच्या संकेतस्थळावर आहे, चोवीस तासांत कुठे ना कुठे मीटिंग चालू असते. त्यातल्या बऱ्याच इंग्रजीत आहेत. इंग्रजी जमत नसेल तर स्पॉन्सर, म्हणजे आपल्याआधी सोडलेला जोडीदार, बघा आणि पाळी सुटल्यावर त्याच्याशी रोज दहा मिनिटं बोला. सकाळी सातला दुकानावरून घरी जाणारा रस्ताच धोक्याचा असतो, फोन त्या रस्त्यावरच लावा.

१०. पंढरीची माळ घातली तर सुटणार नाही का? मग मीटिंग कशाला?

माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचा मान राखूनच लिहितो. माळ घातल्यावर माणूस एकटा राहत नाही. भजन असतं, एकादशी असते, वारीची दिंडी असते, विचारणारी चार माणसं असतात. मीटिंगचं बळही तिथूनच येतं. दोन्ही एकत्र चालतात. मात्र माळेने फिट थांबत नाही, प्रश्न ४ इथेही लागू. आणि माळ घालून पुन्हा प्यायलेला माणूस पापाच्या भीतीने लपून पितो, ते फार वाईट. त्याला हाताला धरून परत आणा.

देव न मानणाऱ्यांसाठी: एएमध्ये ‘आपल्याला समजेल तसा ईश्वर’ म्हणतात. एक जण समोर बसलेल्या ग्रुपलाच ती शक्ती मानतो. त्याला कुणी अडवत नाही.

११. ते स्वतः तयारच नाहीत. मी बायको म्हणून काय करू?

ताई, आधी तुमच्यासाठी मदत घ्या. अल-अनॉन ही दारुड्यांच्या घरच्यांची संघटना १९५१ मध्ये बिल विल्सनची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्याही मीटिंग ऑनलाइन असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. १४४४६ वर घरचेही फोन करू शकतात, त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही.

दिवसाला हजार विड्या वळून आणलेल्या पैशातून त्यांची उधारी फेडू नका. कामावर ‘ताप आलाय’ असा खोटा निरोप पाठवू नका. ते पिऊन आले असताना वाद नको, सकाळी शुद्धीत असताना एकच वाक्य बोला आणि हेल्पलाइनचा नंबर समोर ठेवा. हात उचलत असतील तर हा प्रश्न व्यसनाचा राहत नाही. ११२ किंवा महिलांसाठीची १८१ लावा, पोरं घेऊन माहेरी किंवा शेजारी जा.

१२. जेवणातून कळू न देता द्यायची पावडर मोबाइलवर दिसते. मागवू का?

नको. त्या पुडीत काय आहे ते तुम्हाला सांगितलेलंच नसतं. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि वरून माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीव जातो. तेच औषध डॉक्टर देतात तेव्हा रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून देतात, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू पिऊ नका असं बजावतात. ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधंही आहेत. तीही डॉक्टरांकडूनच.

शिवाय फसवून सोडवलेली दारू त्याला कळल्यावर दुप्पट होऊन येते, आणि तुमच्या हातचं जेवणही त्याला नकोसं होतं.

१३. भरती करावं लागलं तर कुठे? जाहिरातीतलं केंद्र खरं की खोटं, कसं ओळखायचं?

सिव्हिलचं वर सांगितलं. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, सोलापूरहून सकाळच्या गाडीने चार-पाच तासांत पोहोचता येतं. तिथला मुक्काम साधारण महिन्याभराचा असतो, जाण्याआधी फोन करून विचारून घ्या.

मलाही एकदा घरच्यांनी जाहिरात बघून एका ठिकाणी टाकलं होतं. रात्री चार जण गाडी घेऊन आले, हात बांधून नेलं. एकवीस दिवसांत डॉक्टर एकदाही दिसला नाही. घरी फोन करू दिला तेव्हा शेजारी माणूस उभा असायचा. सुटलो त्या दिवशी एसटी स्टँडवर उतरून मी आधी दुकान गाठलं. भावाने त्यासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवले होते.

म्हणून पैसे पाठवण्याआधी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? मानसोपचार डॉक्टर कोण, कोणत्या दिवशी येतात? रुग्णाला भेटता येईल का? उत्तर द्यायच्या आधी ‘अ‍ॅडव्हान्स टाका’ म्हणाले तर फोन ठेवा. कायद्याने साखळीने बांधायला मनाई आहे. इच्छेविरुद्ध भरतीलाही नियम आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे किंवा स्वतःची काळजी घेता येत नाही अशी स्थिती लागते, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि मुदत पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवसांची असते.

१४. आमच्याकडे हातभट्टी चालते. तिच्यासाठी काही वेगळं?

सोडण्याची रीत तीच. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू करून भट्ट्या लावणाऱ्यांना दुसऱ्या धंद्याकडे वळवायचा प्रयत्न केला, ते चांगलं झालं. पण पिणारा अजून पितोच आहे, म्हणून एक खूण लक्षात ठेवा. प्यायल्यावर काही तासांनी धूसर दिसायला लागलं, डोळ्यांपुढे पांढरं आलं, पोटात कळ आली, धाप लागली, तर ती नशा नाही. मिथेनॉल असू शकतं. झोपू देऊ नका, लगेच दवाखाना. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभरावर माणसं गेली.

१५. मी बाई आहे. पुरुषांनी भरलेल्या मीटिंगमध्ये कशी बसू?

फक्त स्त्रियांच्या ऑनलाइन मीटिंग असतात, हेल्पलाइनवर तशी विचारणा करा. स्पॉन्सरही बाईच निवडा. तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तात प्रमाण जास्त चढतं आणि यकृत लवकर बिघडतं, त्यामुळे ‘मी तर थोडीच शिंदी घेते’ यावर थांबू नका. दिवस गेले असतील तर आजच डॉक्टरांना सांगा. त्या रागावल्या तर दुसऱ्या डॉक्टर गाठा.

१६. ग्रुपमधला एक जण पैसे मागतो. दुसरा रात्री-बेरात्री मेसेज करतो.

पैसे देऊ नका, ओटीपी तर कुणालाच नको. नको असलेला मेसेज आला की ब्लॉक करा आणि सूत्रधाराला कळवा. दारू सोडणारी सगळी माणसं एका दिवसात सरळ होत नाहीत. एका माणसामुळे मीटिंग मात्र सोडू नका, दुसऱ्या ग्रुपची लिंक घ्या.

१७. आठ महिन्यांनी पुन्हा प्यायलो. आता कुठल्या तोंडाने लिंक उघडू?

त्याच तोंडाने. आम्ही याला स्लिप म्हणतो आणि मीटिंगमधल्या बहुतेकांना ती ठाऊक आहे. ‘मी काल प्यायलो’ एवढं बोला. आठ महिन्यांत जे शिकलात ते पुसलं जात नाही. प्यालेल्या अवस्थेत मीटिंगला बसू का, असंही विचारतात. बसा, म्यूट करून ऐका, बोलायचं ते उद्या. मात्र पुन्हा रोज सुरू झाली असेल तर बंद करताना प्रश्न ४ पुन्हा लागू, कारण दर खेपेला उतरताना त्रास वाढू शकतो.

‘नुसती बिअर घेऊन बघतो’ हा प्रश्नही इथेच येतो. ज्याला एकदा थरथर सुरू झाली, त्याला बिअरमधली दारूही दारूच.

१८. रात्रीचे दोन वाजलेत, मीटिंग नाही, कपाटात क्वार्टर आहे. काय करू?

या क्षणी उद्याचा विचार नको. रोजची दारू तुटून दोन-चार दिवसच झाले असतील आणि अंग थरथरत असेल तर १०८. तसं नसेल तर ही ओढ आहे. ती लाटेसारखी येते आणि साधारण अर्ध्या तासात तिचा जोर ओसरतो. क्वार्टर मोरीत ओता किंवा घरच्या कुणाला उठवून हातात द्या. एएमध्ये चार गोष्टी तपासायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. रात्री दोनला बहुतेक वेळा भूक निघते. डब्यातली कडक भाकरी काढा, शेंगाचटणीवर तेल घाला आणि बसून खा. खाता खाता १४४१६ लावा, तिकडे कुणीतरी जागं असतं.